जुना मेटल कटिंग बँडसॉ: घरी बसवून सरळ काप कसा मिळवावा

जुना मेटल कटिंग बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पोलादी पट्टीने धातू कापणारे मशीन, विकणारा माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकवतो: "मशीन चालू आहे, काप जरा तिरका जातो, पण नवे ब्लेड टाकले की होईल सरळ." या वाक्याचा पहिला भाग बहुधा खरा असतो आणि शेवटचा क्वचितच. जुन्याच सेटिंगवर नवे ब्लेड चढवले तर तेही थोड्याच कामात तिरके जाऊ लागते, कारण तिरक्या कापाचे मूळ सैल बिजागरीत, कमी ताणात, चुकलेल्या ट्रॅकिंगमध्ये, म्हणजे ब्लेडच्या चाकावरील धावण्याच्या जागेत, किंवा ब्लेडला आधार देणाऱ्या झिजलेल्या गाइड बेअरिंगमध्ये असते. हे दोष एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे ते कोणत्या क्रमाने काढायचे याला फार महत्त्व आहे. बहुतेक जण मात्र हा क्रम उलटा धरतात आणि सर्वांत आधी पाना घेऊन माल पकडणाऱ्या व्हाइसचा जबडा सरकवू लागतात.

येथे विचार केला आहे तो 'चार बाय सहा' इंच या मापाने ओळखल्या जाणाऱ्या लहान आडव्या बँडसॉचा. तैवान आणि चीनमध्ये बनलेली ही मशीन वेगवेगळ्या नावांनी जगभर विकली गेली आणि त्याच धर्तीची मशीन आपल्याकडेही मिळतात. भोसरी, अंबड, वाळूज किंवा शिरोलीसारख्या औद्योगिक भागांत एखादे लहान युनिट बंद झाले की असे मशीन जुन्या मशिनरीच्या विक्रेत्याकडे येते. त्याचा वरचा हात, म्हणजे चाके आणि ब्लेड धरणारी फ्रेम, मागच्या बाजूला बिजागरीवर फिरतो, ब्लेड साधारण १६३८ मिमी लांब, १२.७ मिमी रुंद आणि ०.६४ मिमी जाड असते, मोटर अर्ध्या अश्वशक्तीची असते आणि तीन पायऱ्यांच्या पुलीवर पट्टा बदलून मिनिटाला अंदाजे २०, २९ आणि ५० मीटर असे तीन वेग मिळतात. मोठ्या सात इंची मशीनचे ब्लेड वेगळे, पण जुळवणीचा क्रम हाच.

घेताना काय पाहावे

बेअरिंग, पट्टा आणि ब्लेड या वस्तू कोणत्याही औद्योगिक बाजारात मिळतात, त्यामुळे त्या खराब असल्या तर भाव पाडून घ्यावा, मशीन नाकारू नये. नाकारण्यासारख्या गोष्टी दोनच: तडा गेलेले कास्टिंग आणि संपलेला गिअरबॉक्स. तडा बहुधा ताण देण्याच्या स्लाइडजवळ किंवा बिजागरीच्या कानांत सापडतो. तेथील रंग आणि ग्रीस पुसून, बॅटरीचा उजेड आडवा टाकून पाहावे. गिअरबॉक्सचे झाकण चार स्क्रू काढले की उघडते. आतल्या तेलात थोडी सोनेरी चमक असणे स्वाभाविक आहे, कारण वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दंड, पोलादाचा आणि त्यावर फिरणारे दातेरी चाक कांस्याचे असते. मात्र तळाला कांस्याच्या पापड्या सापडल्या किंवा चाकाचे दात शेंड्याला सुरीसारखे धारदार झालेले दिसले तर ते चाक फार काळ टिकणार नाही. विक्रेता झाकण उघडू देत नसेल तर तेही एक उत्तरच समजावे.

यानंतर ब्लेड काढून दोन्ही मोठी चाके हातांनी तपासावीत. पुढच्या मोकळ्या चाकाच्या कडा दोन्ही हातांनी धरून डोलवून पाहिल्यावर खडखड जाणवली तर बेअरिंग बदलावे लागेल. मागचे चाक गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असते. ते फिरवताना थोडे मोकळे जाणे चालते, पण ते शाफ्टच्या दिशेने आतबाहेर सरकत असेल तर चाक शाफ्टला धरणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू सैल आहे किंवा शाफ्टभोवतीची नळी, म्हणजे बुश, झिजला आहे. चाकाच्या मागच्या काठावर फ्लँज, म्हणजे उंच कडा, असतो. त्यावर नखाला लागेल इतकी खोल खाच असेल तर मशीन वर्षानुवर्षे चुकीच्या ट्रॅकिंगवर चालले आहे असे समजावे. खाच उथळ असल्यास ओळखीच्या लेथवर फ्लँज हलकासा साफ करून घेता येतो.

वीज, स्टँड आणि तेल

कारखान्यातून आलेल्या मशीनला अनेकदा थ्री फेज मोटर असते आणि घरी सिंगल फेज २३० व्होल्टचा पुरवठा असतो. अशा वेळी दोन मार्ग उरतात. एक म्हणजे त्याच फ्रेमची आणि त्याच फेऱ्यांची सिंगल फेज मोटर बसवणे. दुसरा म्हणजे सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी, म्हणजे मोटरला थ्री फेज वीज पुरवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण, वापरणे, पण त्यासाठी मोटरच्या नेमप्लेटवर डेल्टा जोडणीत २३० व्होल्ट चालत असल्याची नोंद असली पाहिजे. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. दोन्ही मार्गांत मशीनच्या बॉडीला पक्के अर्थिंग, योग्य एमसीबी आणि शक्य असेल तर वीज गळताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी आवश्यक आहे, कारण काप थंड ठेवणारे कुलंट, लोखंडाचा कीस आणि जुनी वायर ही तिन्ही एकाच ठिकाणी येणार आहेत. जुन्या मशीनमध्ये पुली आणि चाकांच्या कव्हरच्या आत वायरचे इन्सुलेशन घासून गेलेले आढळते. तेवढा तुकडा टेपने गुंडाळू नये, वायरच बदलावी.

पत्र्याचे मूळ स्टँड हे या मशीनचे सर्वांत दुबळे अंग आहे. पाय आतून अँगलने जोडून, सर्व बोल्टना स्प्रिंग वॉशर घालून घट्ट केले तरी पुष्कळ फरक पडतो, पण जागा असेल तर ४० बाय ४० मिमीच्या अँगलचे वेल्डिंग केलेले स्टँड केव्हाही बरे. मशीन जमिनीला तंतोतंत समतल असण्याची गरज नाही. चारही पाय टेकलेले असावेत आणि हात खाली पडताना स्टँड हलू नये, एवढे पुरेसे आहे.

गिअरबॉक्स रॉकेलने धुऊन, पूर्ण कोरडा करून त्यात वर्म गिअरसाठीचे जाड तेल घालावे. व्हीजी ४६० दर्जाचे तेल या कामाला योग्य ठरते. वाहनांच्या डिफरन्शियलसाठी मिळणाऱ्या जीएल-५ दर्जाच्या तेलातील गंधकयुक्त घटक कांस्याला हळूहळू खाऊ शकतात, म्हणून ते टाळावे. तेल अर्ध्यापर्यंतच भरावे, कारण हात वर उचलला की गिअरबॉक्सही कलतो आणि जास्तीचे तेल झाकणाच्या गॅस्केटमधून पाझरते. पट्टा बोटाने मधोमध दाबल्यावर साधारण १२ मिमी झुकावा आणि दोन्ही पुल्या एका रेषेत असाव्यात. पट्टा जास्त ताणला तर मोटरचे बेअरिंग कुरकुरू लागते.

बिजागरी

पुढे कितीही काळजीपूर्वक जुळवणी केली तरी बिजागरी सैल असेल तर ती टिकत नाही. हात मध्यावर उचलून धरावा, पुढचे टोक डावीउजवीकडे ढकलावे आणि बिजागरीपाशी बोट ठेवून तेथे हालचाल जाणवते का हे पाहावे. जाणवली तर पिन काढून तिची झीज तपासावी. पिन झिजली असेल तर नवी पिन लेथवर करून घ्यावी, आणि कानांमधली फट वाढली असेल तर पातळ शिम वॉशर, म्हणजे फट भरणाऱ्या चकत्या, घालावेत.

बिजागरी घट्ट असूनही वाकड्या दिशेला बसलेली असू शकते, आणि हा दोष सहसा कोणी तपासत नाही. हात खाली येताना तो ज्या पातळीत फिरतो ती पातळी बेडला, म्हणजे मशीनच्या खालच्या सपाट पायाला, काटकोनात नसेल तर ब्लेड गाइडमध्ये कितीही उभे केले तरी काप सरळ येणार नाही, कारण ब्लेड एका दिशेला तोंड करून दुसऱ्या दिशेला उतरत राहील. तपासणी सोपी आहे. प्लग काढून, हात वर असताना, बेडवर उंच गुण्या ब्लेडच्या शेजारी उभा करावा आणि ब्लेडचा सपाट भाग व गुण्याची उभी कड यांच्यातील फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजावी. हात हळूहळू खाली आणावा आणि तीच फट खालीही मोजावी. फट बदलत असेल तर बिजागरीचा ब्रॅकेट बेडला जेथे बोल्टने जोडला आहे तेथे एका बाजूला पातळ शिम घालून दोष काढावा. हे काम वेळखाऊ आहे, पण एकदाच करावे लागते.

ब्लेड आणि त्याची दिशा

नवे ब्लेड तीन वेढ्यांत गुंडाळून येते आणि बांधलेली तार सुटताच उसळते. म्हणून ते उलगडताना जाड हातमोजे आणि चष्मा वापरावा, तोंड दूर ठेवावे आणि घरातील मुले खोलीत नसावीत. मशीन चालू असताना मात्र हातमोजे कधीही घालू नयेत, कारण मोजा ब्लेडमध्ये अडकला तर त्याबरोबर हातही ओढला जातो.

कापणाऱ्या भागात ब्लेड पुढच्या मोकळ्या चाकाकडून मागच्या चालत्या चाकाकडे जाते, म्हणून तेथे दातांचा कापणारा चेहरा मागे, म्हणजे मोटरकडे, असला पाहिजे. दात उलट दिशेला दिसत असतील तर ब्लेड नुसते फिरवून चढवल्याने काही बदलत नाही. ते आतून बाहेर उलटावे लागते. उलटे बसवलेले ब्लेड धातूवर नुसते घासत राहते आणि काही मिनिटांत त्याची धार जाते. जुने मशीन 'कापतच नाही' म्हणून स्वस्तात विकले जात असेल तर आधी दातांची दिशा पाहावी.

दातांची संख्या कापायच्या मालाच्या जाडीवरून ठरते. कोणत्याही क्षणी किमान तीन दात मालात असावेत, सहा ते बारा असले तर उत्तम. इंचाला १४ दात असलेल्या ब्लेडमध्ये दोन दातांतले अंतर १.८ मिमी असते, म्हणजे तीन दात ५.४ मिमी जागा घेतात. म्हणून हे ब्लेड ६ मिमीपेक्षा पातळ भिंतीच्या मालाला जोखमीचे ठरते. तीन मिमी भिंतीच्या चौकोनी पाइपला २४ दातांचे ब्लेड लागते, तर भरीव अॅल्युमिनियमला ६ ते १० दात बरे, कारण बारीक दातांमध्ये मऊ धातूचा कीस अडकून बसतो. घरी सर्व प्रकारचे काम होत असेल तर १०/१४ असे बदलत्या अंतराच्या दातांचे बायमेटल ब्लेड घ्यावे. ते साध्या कार्बन ब्लेडपेक्षा महाग असते, पण त्याचे दात हायस्पीड स्टीलचे असल्याने ते बरेच जास्त टिकते. दुकानात कॉइलमधून कापून वेल्ड करून घेतलेले ब्लेड असेल तर सांध्यावर बोट फिरवून पाहावे. उंचवटा लागला तर तो घासून पाठ आणि दोन्ही बाजू सपाट करून घ्याव्यात, नाहीतर प्रत्येक फेरीत गाइडमध्ये ठक् असा आवाज येत राहतो.

ताण आणि ट्रॅकिंग

गाइडचे बेअरिंग आणि पाठीमागचे बेअरिंग सैल करून ब्लेडपासून दूर न्यावे. हे न करता ट्रॅकिंग जुळवणे व्यर्थ आहे, कारण गाइड ब्लेडला ज्या बाजूला ओढतील तीच बाजू बरोबर वाटू लागते. मग ताण द्यावा. 'हाताने घट्ट करा आणि वर एक वळसा द्या' हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम अंदाजापुरता ठीक आहे, पण झिजलेल्या आट्याच्या स्क्रूवर तो फसतो.

खात्रीचा मार्ग म्हणजे ब्लेड किती लांबले हे मोजणे. ब्लेड नुसते ताठ होईल इतपत ताण देऊन व्हर्नियर कॅलिपरचे दोन्ही जबडे ब्लेडच्या सपाट भागावर लहान क्लॅम्पनी पकडावेत, मधले अंतर साधारण १२५ मिमी ठेवावे आणि वाचन नोंदवावे. मग ताण वाढवत जावे. पोलाद ताणाच्या प्रमाणात लांबते, त्यामुळे १२५ मिमीत ०.०८ मिमी वाढ झाली की ब्लेडवर चौरस इंचाला अंदाजे १९,००० पौंड ताण आला असे मानता येते. कार्बन ब्लेडला एवढा ताण पुरेसा आहे. बायमेटल ब्लेड त्याहून बराच अधिक सोसते, पण या लहान मशीनची फ्रेम तेवढा ताण देऊ शकत नाही आणि तो जबरदस्तीने देऊ नये. अशा प्रकारे एकदा जुळले की ताणाच्या हँडलवर आणि शेजारच्या कास्टिंगवर रंगाची खूण करावी.

ट्रॅकिंग म्हणजे ब्लेड चाकावर कोठे धावते ते. धातूच्या बँडसॉची चाके उघड्या बिडाची असतात, लाकडाच्या मशीनसारखे रबर त्यावर नसते, आणि ब्लेडची पाठ फ्लँजच्या अगदी जवळ पण त्यावर दाब न देता धावली पाहिजे. पुढच्या चाकाचा कल बदलणारा स्क्रू ताणाच्या स्लाइडच्या मागे असतो. लॉक बोल्ट सैल करून हा स्क्रू पाव वळशापेक्षा कमी कमी फिरवावा आणि दर वेळी चाक हाताने अनेक फेऱ्या फिरवून ब्लेड कोठे स्थिरावते हे पाहावे. फ्लँज आणि ब्लेडची पाठ यांच्यात कागदाची पट्टी जाऊ द्यावी. ती कापली गेली तर ब्लेड फ्लँजवर घासत आहे, ती नुसती दुमडून सुखरूप बाहेर आली तर बरोबर, आणि तिला स्पर्शही होत नसेल तर ब्लेड बाहेर सरकू लागले आहे. काही जण ही परीक्षा मशीन चालू ठेवून करतात. घरी, कव्हर उघडे असताना, ती फक्त हाताने चाक फिरवूनच करावी.

पुढच्या चाकावर सर्व ठीक असूनही मागच्या चाकावर ब्लेड बाहेर येत असेल तर दोष गिअरबॉक्सच्या बैठकीत असतो. लांब सरळ पट्टी दोन्ही चाकांच्या कडांवर आडवी धरली की दोन्ही चाके एका पातळीत आहेत की नाहीत ते कळते. नसतील तर गिअरबॉक्सच्या बोल्टखाली शिम घालावेत. ताण किंवा कल यातील काहीही बदलले की दुसरे पुन्हा तपासावे, कारण ताण वाढला की चाकाची स्लाइड किंचित वाकते आणि ब्लेड सरकते.

गाइड

या मशीनमध्ये चाके तिरपी बसवलेली असतात आणि गाइड ब्लेडला पीळ देऊन कापाच्या जागी उभे करतात. म्हणजे काप उभा येण्याची जबाबदारी मुख्यतः गाइडची आहे. प्रत्येक गाइडमध्ये ब्लेडच्या दोन बाजूंना एकेक बेअरिंग असते आणि पाठीवर एक. बाजूच्या दोहोंपैकी एक साध्या बोल्टवर आणि दुसरे एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून बाजूला भोक असलेल्या, बुशवर बसते, त्यामुळे बुश फिरवला की फट कमी-जास्त होते.

आधी सर्व बेअरिंग बोटाने फिरवून पाहावीत. खरखर करणारे किंवा बाहेरच्या कड्यावर खळगा पडलेले बेअरिंग बदलावे आणि नवे घेताना त्यावर छापलेला नंबर व रबर सील पाहूनच घ्यावे, कारण उघड्या बेअरिंगमध्ये कीस लगेच शिरतो. मग साध्या बोल्टवरचे बेअरिंग ब्लेडला जेमतेम टेकवावे आणि एक्सेंट्रिकवरचे दुसऱ्या बाजूने आणावे. फट शून्य ते ०.०२ मिमीच्या दरम्यान असावी. हाताने ब्लेड चालवताना दोन्ही बेअरिंग फिरली पाहिजेत, पण बोटाने धरून थांबवता आली पाहिजेत. पाठीच्या बेअरिंगला साधारण ०.१ मिमी मोकळीक ठेवावी. ते सतत टेकलेले असेल तर ब्लेडची पाठ चिरडून पसरते, आणि फार दूर असेल तर कापताना ब्लेड मागे दबून फ्लँजवर चढते.

यानंतर ब्लेड बेडला काटकोनात आणावे. लहान गुण्या बेडवर ठेवून ब्लेडच्या सपाट अंगाला लावावा. तो दातांना लागता कामा नये, कारण दात दोन्ही बाजूंना वाकवलेले असतात आणि गुण्या त्यांवर टेकला की वाचन चुकते. गुण्याची कड दातांच्या वर, पात्याच्या अंगावर टेकेल अशी लावावी. हे वाचन दोन्ही गाइडपाशी वेगवेगळे घ्यावे. ब्लेड झुकलेले दिसले तर गाइडचा ब्रॅकेट धरणारा बोल्ट सैल करून तो ब्रॅकेट किंचित वळवावा, आणि तेवढ्याने जमत नसेल तर शिम घालावा. एका गाइडने एकीकडे आणि दुसऱ्याने दुसरीकडे पीळ दिला तर मधोमध गुण्या बरोबर बसतो आणि काप मात्र वाकडा येतो. म्हणून मधल्या वाचनावर समाधान मानू नये.

गाइडचे हात जॉबच्या, म्हणजे कापायच्या मालाच्या, जितके जवळ तितके चांगले. पण या मशीनमध्ये गाइड सरकवला की त्याचा कोनही थोडा बदलू शकतो, कारण ज्या पट्टीवर तो सरकतो तिचे मशिनिंग फारसे अचूक नसते. ज्या मापाचा माल सर्वाधिक कापायचा आहे त्या मापाला गाइड ठेवूनच जुळवणी करावी.

व्हाइस, आणि चकतीची परीक्षा

आता व्हाइसकडे वळता येते. स्थिर जबड्यावरची अंशांची पट्टी दुर्लक्षित करावी. गुण्याची एक भुजा जबड्याला आणि दुसरी ब्लेडच्या अंगाला लावून जबडा काटकोनात आणावा आणि बोल्ट घट्ट करताना तो सरकत नाही हे पुन्हा पाहावे.

एवढे झाल्यावर खरी परीक्षा कापाची. येथे एक साधी युक्ती सर्व दोष वेगवेगळे करून दाखवते. साधारण ५० मिमी व्यासाचा माइल्ड स्टीलचा बार घेऊन त्याच्या वरच्या बाजूला लांबीच्या दिशेने मार्करने रेघ ओढावी आणि टोकाचा तुकडा कापून टाकावा. नंतर बार जागच्या जागी स्वतःभोवती १८० अंशांत फिरवावा, म्हणजे रेघ खाली जाईल, आणि पुढे सरकवून सहा-सात मिमी जाडीची चकती कापावी. बार न फिरवता कापली तर दोन्ही तोंडे सारखीच तिरकी येतात आणि चकतीची जाडी सगळीकडे एकच भरते. फिरवल्यामुळे मात्र दोष दुप्पट होऊन समोर येतो.

चकतीची जाडी चार ठिकाणी मोजावी: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. वर-खालचा फरक म्हणजे ब्लेडच्या उभेपणाचा दोष, आणि डाव्या-उजव्या बाजूंतील फरक म्हणजे व्हाइसचा दोष. वर-खाली ०.३ मिमी फरक आला तर प्रत्यक्ष दोष ५० मिमीत ०.१५ मिमी आहे. माझ्या मते घरच्या वेल्डिंगच्या कामाला ५० मिमीत ०.२ मिमीपर्यंतचा दोष चालून जातो, लेथवर फेसिंग, म्हणजे तोंड सपाट, करायचे असेल तर त्याहून जास्तही चालतो. त्याच्या खाली जाण्यासाठी दिवस घालवणे या मशीनवर परवडत नाही.

आणखी एक गोष्ट चकतीवरून कळते. तिच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून पाहावे. तोंड सपाट पण तिरके असेल तर दोष गाइडच्या किंवा व्हाइसच्या जुळवणीत आहे. तोंड वाटीसारखे खोलगट किंवा फुगीर असेल तर ब्लेड कापता कापता वळले आहे, आणि त्याला गाइड फिरवून उपाय होत नाही. तेथे कारणे तीनच: ताण कमी, ब्लेड एका बाजूने बोथट, किंवा मशीनच्या हाताचा दाब जास्त. एका बाजूचे दात बहुधा व्हाइसच्या कडेला किंवा वेल्डच्या कडक ठिपक्याला लागून बोथट होतात, आणि अशा ब्लेडचा फक्त टाकून देण्याइतकाच उपयोग उरतो.

हाताचा दाब आणि पहिले काप

हाताचे वजन मागच्या स्प्रिंगने तोललेले असते. ब्लेड बेडपासून थोडे वर असताना हाताच्या पुढच्या टोकाला साधा स्प्रिंग काटा लावून उचलावे. या लहान मशीनना पाच किलोच्या आसपास वजन योग्य ठरते, पातळ पाइपला त्याहून कमी. जुन्या मशीनची स्प्रिंग बहुधा थकलेली असते आणि आधीच्या मालकाने ती पूर्ण ताणून ठेवलेली असते. तसे असेल तर नवी स्प्रिंग घ्यावी.

खरा निकाल किसावरून लावावा. किसाच्या बारीक, सैल वेटोळ्या पडत असतील तर दाब योग्य आहे. पावडर पडत असेल तर दात कापत नाहीत, घासत आहेत, तेव्हा दाब वाढवावा. कीस निळा पडू लागला तर दाब किंवा वेग जास्त आहे. माइल्ड स्टीलला मधला वेग, स्टेनलेसला सर्वांत कमी, अॅल्युमिनियम आणि पितळेला सर्वांत जास्त वेग ठेवावा. स्टेनलेसवर दाब हलका ठेवून चालत नाही, कारण ब्लेड घासले की पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचे दात तेथे हरतात.

नव्या ब्लेडच्या पहिल्या कापांना दाब निम्म्यावर ठेवावा. नव्या दातांची टोके अतिशय बारीक असतात, आणि सुरुवातीलाच पूर्ण दाब दिला तर ती घासून गोल होण्याऐवजी तुटतात. एकूण सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर क्षेत्र कापून होईपर्यंत असे चालवावे. ५० मिमी बारचा एक काप साधारण २० चौरस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे हे पंधराएक काप झाले. अर्धवट राहिलेल्या जुन्या कापात नवे ब्लेड कधीही उतरवू नये. जुन्या ब्लेडचे दात झिजून त्याची खाच अरुंद झालेली असते आणि नवे ब्लेड तीत अडकते. जॉब फिरवून दुसऱ्या बाजूने सुरुवात करावी.

अँगल कापताना तो छपरासारखा, कोपरा वर ठेवून पकडावा, म्हणजे दोन्ही भुजांवर दात हळूहळू चढतात. पट्टी उभी न धरता आडवी पकडावी. जबड्याच्या एका टोकालाच लहान तुकडा पकडायचा असेल तर दुसऱ्या टोकाला त्याच जाडीचा ठोकळा ठेवावा, नाहीतर हलता जबडा तिरका होऊन तुकडा कापाच्या मध्यावर सुटतो आणि ब्लेडचे दात एका झटक्यात जातात.

काप संपताच मोटर बंद करणारा स्विच बहुतेक जुन्या मशीनमध्ये निकामी केलेला किंवा वाकलेला असतो. तो दुरुस्त करावा. हात थांबवणारा बोल्ट अशा रीतीने बसवावा की ब्लेड बेडच्या खाचेत जेमतेम उतरेल, खालच्या कास्टिंगला लागणार नाही, आणि स्विच त्या क्षणाच्या किंचित आधी दाबला जाईल. या स्विचमुळे मशीन सोडून दुसरीकडे जायला हरकत नाही असा समज मात्र करून घेऊ नये.

माइल्ड स्टीलला या वेगांवर कोरडे कापले तरी चालते, बीड तर कोरडेच कापावे. अॅल्युमिनियमला मेणाची कांडी ब्लेडला अधूनमधून लावली तर दातांत धातू चिकटत नाही. मोठ्या चाकांवर कीस साचला की तो ब्लेडखाली दाबला जातो आणि ट्रॅकिंग बिघडते, म्हणून मागच्या चाकाला टेकेल असा छोटा तारेचा ब्रश बसवून घ्यावा. काम संपले की ताणाचे हँडल खुणेपासून दोन वळसे सैल करावे आणि त्यावर 'ताण सैल' असे लिहिलेली चिठ्ठी अडकवावी, म्हणजे पुढच्या वेळी सैल ब्लेडवरच स्विच दाबला जाणार नाही.